‘विवेकाला विचार’ म्हणजे नेमकं काय? दोन सिझेरियननंतर अडकलेल्या ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. तुमचं वय चौतीस, लग्नाला नऊ वर्षं, दोन मुलं, दोन्ही सिझेरियन. दुसऱ्या वेळी वार खाली होती, रक्त एवढं गेलं की पाच बाटल्या चढवाव्या लागल्या. डॉक्टर म्हणाले, आता तिसरं नको, ऑपरेशन करून टाका. ऑपरेशनला तुमचं मन धजलं नाही. पाळी अनियमित, त्यामुळे ‘दिवस पाळणं’, म्हणजे गर्भ राहू शकेल असे दिवस ओळखून ते टाळणं, जमेना. दोन वर्षांपासून मिस्टर कंडोम वापरतात. एका फादरांनी सांगितलं, ‘स्वतःच्या सदसद्विवेकबुद्धीला विचार आणि शांत राहा.’ दुसऱ्या फादरांनी सांगितलं, ‘हे सोडल्याशिवाय कम्युनियनला येऊ नकोस.’ तेव्हापासून रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, ख्रिस्तप्रसादाची (कम्युनियनची) रांग पुढे सरकते आणि तुम्ही गुडघे बाजूला करून लोकांना वाट देता, स्वतः बाकावरच बसून राहता. तुम्ही विचारलंय, दोघांतलं खरं कोण? आणि विवेकाला विचारायचं म्हणजे मला जे वाटतं तेच करायचं का?

मी धर्मगुरू नाही. पापक्षमा देणं माझं काम नाही. प्रसूती विभागात मी अठरा वर्षं परिचारिका होते आणि वसईतल्या धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) लग्नपूर्व शिबिरं घेत, जोडप्यांना नैसर्गिक कुटुंबनियोजन शिकवत बावीस वर्षं झाली. तुमच्यासारख्या बायका माझ्यासमोर बसलेल्या आहेत, बहुतेक वेळा शिबिर संपल्यावर, खुर्च्या आवरताना हळूच जवळ येऊन. तेव्हा जे बोलते तेच इथे लिहिते.

तुमच्या उत्तरातलं बरंच काही अशा गोष्टींवर अवलंबून आहे, ज्या पत्रात आलेल्या नाहीत. डॉक्टर नेमके कोणत्या धोक्याबद्दल बोलत होते, पाळी अनियमित का आहे, आणि मिस्टर या सगळ्यात तुमच्याबरोबर आहेत की तुमच्यावर सोडून मोकळे झालेत. त्यामुळे ‘हे करा’ असं एका ओळीत सांगणार नाही. पण एक गाठ मला स्पष्ट दिसते. तुम्ही तीन वेगळे प्रश्न एकत्र बांधून ठेवलेत. आम्ही जे करतो ते योग्य आहे का, हा एक. त्यात माझा दोष किती, हा दुसरा. आणि मी कम्युनियन घ्यावं का, हा तिसरा. दोन फादरांनी तुम्हाला परस्परविरोधी सांगितलं असं वाटतंय, त्याचं मोठं कारण मला हे दिसतं की एकानं दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिलं आणि दुसऱ्यानं पहिल्याचं.

त्याआधी एक चौथं ओझं आहे, जे तुमच्या पत्रात ओळींच्या मधे लपलंय. तुम्ही लिहिलंत, ‘देवानं दिलं असतं ते मी नाकारतेय.’ ताई, हे ओझं आधी खाली ठेवा, ते तुमचं नाहीच. तिसरं मूल नको असणं हे पाप आहे असं ख्रिस्तसभा, म्हणजे आपलं कॅथलिक चर्च, शिकवत नाही. जगभरातल्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ साली आधुनिक जगाविषयीच्या दस्तऐवजात सांगितलंय की किती मुलं, कधी, हा निर्णय शेवटी आईवडिलांनी स्वतः देवासमोर घ्यायचा आहे. झालेल्या मुलांचं भलं, प्रकृती, परिस्थिती, सगळं बघून. त्याआधीसुद्धा, १९५१ च्या ऑक्टोबरात, पोप बाराव्या पायसनी इटलीतल्या सुईणींसमोर भाषण करताना गंभीर कारण असेल तर वंध्य दिवसांचा, म्हणजे गर्भ राहत नाही अशा दिवसांचा, आधार घेता येतो हे स्पष्ट केलं होतं, आणि त्या कारणांत वैद्यकीय कारणही होतं. मी स्वतः प्रसूती विभागातली, म्हणून हे भाषण सुईणींपुढे झालं याचं मला नेहमी अप्रूप वाटतं. आणि २०१५ मध्ये मनिलाहून परतताना विमानात पोप फ्रान्सिसनी सात सिझेरियननंतर आठव्यांदा गरोदर असलेल्या एका बाईचा उल्लेख केला. तो त्यांनी कौतुकानं केला नव्हता, तर बेजबाबदारपणाचं उदाहरण म्हणून. पालकत्व जबाबदारीचं असावं, हा त्यांचा मुद्दा होता.

म्हणजे पाच बाटल्या रक्त चढलेल्या बाईनं आता थांबायचं ठरवलं, तर तो निर्णय ख्रिस्तसभेच्या शिकवणीला धरूनच आहे. थांबायचं कसं, प्रश्न फक्त तिथे उरतो. हा फरक कितीतरी बायकांना कुणी सांगतच नाही. त्या दोन्ही गोष्टींची एक मोट बांधतात आणि मग आपण आईपणच नाकारलं असं समजून वर्षानुवर्षं कुढतात.

आता ‘कसं’ याकडे. इथे मी काही मऊ करून सांगणार नाही. पोप सहाव्या पॉल यांनी २५ जुलै १९६८ रोजी ‘ह्युमाने व्हिते’ हे परिपत्रक काढलं. त्यात म्हटलंय की पतिपत्नीच्या शरीरसंबंधाला दोन अर्थ आहेत, एकमेकांशी एकरूप होणं आणि जीवनाला वाट देणं. हे दोन अर्थ माणसानं स्वतःहून तोडू नयेत. म्हणून कंडोम, गर्भरोधक म्हणून घेतलेल्या गोळ्या, नसबंदी या गोष्टी अयोग्य ठरवल्या आणि वंध्य दिवसांपुरताच संबंध ठेवणं योग्य ठरवलं. कॉपर-टीबद्दल आणखी एक आक्षेप आहे, की ती रुजू पाहणाऱ्या गर्भालाही अडवू शकते. ‘धर्मशिक्षा’ म्हणजे ख्रिस्तसभेच्या शिकवणीचा अधिकृत ग्रंथ. सध्याची धर्मशिक्षाही गर्भनिरोधाबद्दल हेच सांगते. त्यानंतरच्या कुठल्याही पोपनी हे मागे घेतलेलं नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे आहे आणि तुमच्या दुसऱ्या फादरांनी तेवढंच सांगितलं.

पण दोन्ही पद्धतींचा हेतू एकच ना, मूल नको, मग फरक काय पडतो? शिबिरात हा प्रश्न दरवेळी येतो, बहुधा शेवटच्या ओळीतल्या मुलाकडून. मला स्वतःला हा फरक पटायला वर्षं लागली. तो हेतूत नाही, कृतीत आहे. एकात आपण शरीराचा क्रम ओळखून त्याप्रमाणे थांबतो. दुसऱ्यात जवळ येतो, पण त्या जवळिकीतून एक भाग बाजूला काढून ठेवतो. पुस्तकात वाचून हे मला कोरडं वाटायचं. पटलं ते एका घरात. फुलांचा व्यवसाय असलेलं कुटुंब, नवरा पहाटे तीनला सोनचाफ्याच्या करंड्या घेऊन दादरला निघायचा. त्यांच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं, आणि तारखांच्या चौकोनांत पेन्सिलीनं बारीक खुणा. लाल टिंब म्हणजे पाळी, हिरवं म्हणजे कोरडा दिवस, गोल म्हणजे स्राव. खुणा करायचा तो. रात्री जेवण झाल्यावर बायकोला विचारायचा, आज काय, आणि पेन्सिल उचलायचा. ती मला म्हणाली, ‘बाई, लग्नाला अकरा वर्षं झाली, पण मला काही विचारायची सवय याला या कालनिर्णयानं लावली.’

हे सगळ्यांच्या घरी होतं असं मी म्हणणार नाही. काही घरांत त्या कालनिर्णयावरून भांडणं झाली. काही बायका माझ्यासमोर रडल्या, कारण खुणा त्यांनी करायच्या, थांबायचं त्यांनी सांगायचं आणि रागही त्यांनीच झेलायचा. शिकवणीची किंमत एकट्या बाईनं मोजायची हे ख्रिस्तसभेला अभिप्रेत नाही. त्याच परिपत्रकाच्या तेराव्या परिच्छेदात स्वच्छ लिहिलंय की जोडीदाराची अवस्था आणि तिची रास्त इच्छा न बघता लादलेला संबंध हा प्रेमाचा नव्हेच. शिबिरात मी हा परिच्छेद मोठ्यानं वाचते आणि वाचताना पुरुषांच्या रांगेकडे बघते.

मग पहिले फादर ‘विवेकाला विचार’ असं का म्हणाले? त्यामागे इतिहास आहे. १९६८ च्या आधी गर्भनिरोधाचा विचार करायला पोपनी नेमलेला एक आयोग होता. पोप तेविसाव्या जॉननी १९६३ मध्ये तो सुरू केला आणि सहाव्या पॉलनी वाढवला. १९६६ मध्ये त्यातल्या बहुसंख्य सभासदांनी शिकवण बदलावी असं मत दिलं. पोपनी ते मानलं नाही. परिपत्रक निघाल्यावर जर्मन बिशपांनी ऑगस्टमध्ये आणि कॅनडाच्या बिशपांनी सप्टेंबरमध्ये निवेदनं काढली. जी जोडपी प्रामाणिक प्रयत्न करूनही या शिकवणीपर्यंत पोहोचू शकत नाहीत, त्यांच्या विवेकाचा मान राखावा असा त्यांचा सूर होता. त्या काळात शिकलेल्या कितीतरी फादरांच्या मनात हा सूर राहिला. पुढे १९९३ मध्ये पोप दुसऱ्या जॉन पॉलनी ‘व्हेरितातिस स्प्लेंडोर’ या परिपत्रकात विवेक म्हणजे स्वतःचा कायदा स्वतः तयार करणं नव्हे हे ठामपणे मांडलं, आणि नंतरच्या पिढीच्या फादरांवर त्याचा प्रभाव पडला. तुमच्या दोन फादरांच्या वयात वीसेक वर्षांचं अंतर असेल तर मला नवल वाटणार नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न, विवेक म्हणजे मला जे वाटतं ते का? नाही. आणि फादर सांगतील तेही नाही. मला कळलंय तसं, विवेक म्हणजे निवाडा. हे काम, आत्ता, माझ्या परिस्थितीत, योग्य की अयोग्य, हा बुद्धीनं केलेला निवाडा. मनात भीती असते, सवय असते, सासरच्यांचा धाक असतो, लहानपणी सिस्टरांनी दटावलेलं असतं, इच्छाही असते. हे सगळे आवाज आतूनच येतात, म्हणून ते विवेकाचे वाटतात. जिच्या आईनं शरीर म्हणजे लाज हेच शिकवलं, तिला नवऱ्याजवळ जाताना अपराधी वाटतं, आणि ती त्यालाच विवेक म्हणते. एखाद्याला कशाचंच काही वाटत नाही, तोही म्हणतो माझा विवेक शांत आहे. दोघांनीही निवाडा केलेलाच नसतो.

निवाडा करायचा तर पुरावा पुढे हवा. ख्रिस्तसभा काय शिकवते आणि का, हे माहीत हवं, ऐकीव नको. वैद्यकीय परिस्थिती माहीत हवी. नवऱ्याचं म्हणणं ऐकलेलं हवं. प्रार्थनेत थोडा वेळ शांत बसलेलं हवं. एवढं झाल्यावर जो निश्चित निवाडा होतो तो पाळलाच पाहिजे, असं धर्मशिक्षाही सांगते. मध्ययुगातले थोर धर्मपंडित संत थॉमस अक्विनास तर म्हणतात की चुकलेला विवेकही माणसाला बांधतो. पण ते पुढे हेही म्हणतात की चूक नीट शोधून न बघितल्यामुळे झाली असेल, तर विवेकाचं नाव सांगून दोष सुटत नाही. हे दुसरं वाक्य लोक विसरतात. पोप फ्रान्सिसनी २०१६ मध्ये लिहिलं की आमचं काम लोकांचे विवेक घडवणं आहे, त्यांची जागा घेणं नव्हे. पहिल्या फादरांना मला एवढंच सांगावंसं वाटतं की ‘विवेकाला विचार’ म्हणून पाठवून देणं अर्धवट आहे. विवेकासमोर काय ठेवायचं हे सांगायला त्या बाईजवळ बसावं लागतं.

तुमच्या बाबतीत मला तुमच्याच पत्रातून असं दिसतं की तुमचा विवेक गप्प नाही. ऑपरेशनला तो ‘नाही’ म्हणाला. कंडोमबद्दल तो दोन वर्षं कुरकुरतोय. ही कुरकुर भीतीची आहे की निवाड्याची, हे तुम्हालाच तपासावं लागेल. एक खूण सांगते. भीतीची कुरकुर ‘लोक काय म्हणतील, मुलांना काही झालं तर’ अशी बोलते आणि कुठेच जात नाही. निवाडा काहीतरी करायला सांगतो, लहानसं का असेना.

आता दोषाचा प्रश्न. एखादी गोष्ट अयोग्य असणं आणि ती करणाऱ्यावर गंभीर पापाचा पूर्ण दोष येणं, यात अंतर आहे. धर्मशिक्षा गंभीर पापाला तीन अटी घालते. विषय गंभीर हवा, पूर्ण जाणीव हवी आणि पूर्ण, मोकळी संमती हवी. भीती, दडपण, सवय, अज्ञान यांनी दोष कमी होतो, कधी संपतोही. संमती म्हणजे काय याचा धडा मी प्रसूती विभागात शिकले. ज्या रुग्णालयात काम करत होते तिथे एकदा सिझेरियनच्या टेबलावर घेतलेल्या बाईच्या हातात ऑपरेशनचा फॉर्म दिला गेला. कळा चालू, कमरेत भुलीची सुई टोचायची तयारी चालू, नवरा बाहेर. ‘दुसरं आहे ना, सोबतच उरकून घेऊ.’ सही करताना पेन तिच्या बोटांतून दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा ते मीच उचलून दिलं, आणि ते मला आजही बोचतं. दोन वर्षांनी ती मला बाजारात भेटली आणि म्हणाली, ‘सिस्टर, मी तेव्हापासून कन्फेशनला गेले नाही, मोठं पाप केलंय.’ त्या सहीत कसली मोकळी संमती होती? आपल्या देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांचं हे ऑपरेशन झालेलं आहे, आणि पुरुष नसबंदी ०.३ टक्के. त्यातल्या किती सह्या नीट समजून केलेल्या असतील, हा विचार मला सोडत नाही. बाजारात भेटलेल्या त्या बाईला मी फादरांकडे घेऊन गेले. पापक्षमा मिळाली आणि ऑपरेशन उलटवून घे असं तिला कुणी म्हटलं नाही.

तुमच्या नवऱ्यानं कंडोमचा आग्रह धरला असेल आणि तुम्हाला ते नको असेल, तर त्याचाही विचार झालेला आहे. व्हॅटिकनच्या कुटुंबविषयक परिषदेनं १९९७ मध्ये कन्फेशन ऐकणाऱ्या धर्मगुरूंसाठी सूचना काढल्या. जोडीदार एकटा हट्टानं असं करत असेल तर दुसऱ्याचा सहभाग काही अटींवर क्षम्य मानता येतो. तिची स्वतःची कृती मुळात अयोग्य नसावी, कारण तेवढंच गंभीर असावं, आणि ती जोडीदाराला प्रेमानं, धीरानं दुसऱ्या वाटेकडे आणायचा प्रयत्न करत असावी. पहिली अट कंडोमला कशी लागू होते याबद्दल नीतिशास्त्राच्या अभ्यासकांत मतभेद आहेत, म्हणून हे फादरांशी बोलूनच ठरवा. आग्रह त्यांचा आहे, तुमचा आहे की दोघांचा, हे मात्र आधी स्वतःशी प्रामाणिकपणे मान्य करा.

कम्युनियनबद्दल नियम असा की गंभीर पापाची जाणीव असेल तर आधी कन्फेशन. म्हणजे कळीचा शब्द ‘जाणीव’, आणि ती जाणीव कुणी बाहेरून बघून ठरवू शकत नाही. म्हणूनच दोन वर्षं एकटीनं बाकावर बसून हा प्रश्न सुटणार नाही. त्याच १९९७ च्या सूचनांत असंही आहे की पुन्हा पुन्हा तीच चूक होते एवढ्यावरून पापक्षमा नाकारू नये. मात्र पश्चात्ताप आणि न करण्याचा खरा निश्चय हवा. दोन्ही अर्धी लक्षात ठेवा. निश्चय म्हणजे यश नव्हे. उद्यापासून एकदाही पाय घसरणार नाही अशी हमी कुणी मागत नाही, आजपासून त्या दिशेनं पाऊल टाकते एवढं मनापासून म्हणता यायला हवं. आणि ते आज म्हणता येत नसेल, तर तेही फादरांना तसंच सांगा.

थोडक्यात, थांबायचा तुमचा निर्णय योग्य आहे. त्याची सध्याची पद्धत शिकवणीला धरून नाही. तुमचा वैयक्तिक दोष किती, हे तुम्ही आणि एक धर्मगुरू मिळून बघायचं आहे. एकच धर्मगुरू, ताई. हव्या त्या उत्तरासाठी धर्मग्राम बदलत फिरू नका. आणि आधी दुखावलं म्हणून कायमचं पाठ फिरवूही नका.

फादरांकडे जाण्याआधी दोन गोष्टी करा. पहिली, डॉक्टरांना भेटून नेमकं विचारा. तिसरं बाळ कधीच नको, की तीन वर्षं नको? धोका वारेचा आहे, टाक्याचा आहे की रक्तस्रावाचा? ‘धोका आहे’ या दोन शब्दांवर आयुष्याचा निर्णय घेऊ नका, आणि त्यांना हलकंही समजू नका. ऑपरेशनबद्दल म्हणाल तर व्हॅटिकननं १९९३ मध्ये सांगितलंय की पुढच्या गरोदरपणात धोका आहे एवढ्या कारणानं नसबंदी योग्य ठरत नाही. गर्भाशयच बाळ वाढवायला कायमचं निकामी झालंय अशी डॉक्टरांची खात्री असेल तर ते काढण्याला मात्र २०१८ मध्ये मान्यता दिली आहे. तुमचं प्रकरण यातलं कोणतं, हे रिपोर्ट बघितल्याशिवाय कुणी सांगू नये, मीही नाही.

दुसरी गोष्ट पाळीची. अनियमित पाळीला कारण असतं. थायरॉइड, प्रोलॅक्टिन हे हार्मोन आणि पीसीओएस हा हार्मोनचा बिघाड, यांची तपासणी करून घ्या. आजारावर म्हणून डॉक्टरांनी हार्मोनच्या गोळ्या दिल्या तर घाबरू नका. आजारासाठी आवश्यक असलेला उपचार, त्यानं गर्भधारणा लांबत असली तरी, ‘ह्युमाने व्हिते’नं पंधराव्या परिच्छेदात योग्य मानलाय. आणि ‘दिवस पाळणं जमलं नाही’ असं तुम्ही लिहिलंत, ते बहुतेक तारखा मोजण्याबद्दल असावं. ती जुनी पद्धत, आणि अनियमित पाळीत ती फसतेच. जॉन आणि एव्हलिन बिलिंग्ज या मेलबर्नच्या डॉक्टर दांपत्यामुळे रुजलेल्या पद्धतीत तारीख मोजतच नाहीत, रोजचा स्राव ओळखतात. कोरडेपणा, मग ओलसर, मग अंड्याच्या पांढऱ्यासारखा ताणला जाणारा निसरडा स्राव. त्या निसरडेपणाचा शेवटचा दिवस म्हणजे शिखर, आणि त्यानंतर तीन दिवस पूर्ण थांबायचं.

आकडे लपवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं ही पद्धत पाच ठिकाणी तपासली, त्यात आपलं बंगळूरही होतं. पहिल्याच चक्रात ९३ टक्के स्त्रियांना स्राव ओळखता आला. पण वर्षभरात शंभरातल्या सुमारे बावीस स्त्रिया गरोदर राहिल्या. नियम काटेकोर पाळणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे तीन होतं. म्हणजे चूक पद्धतीत कमी, पाळण्यात जास्त. तुमच्यासारख्या बाईला मी फक्त स्रावावर सोडत नाही. सकाळी उठल्याउठल्या तापमानही घ्यायला सांगते, कारण बीज सुटल्यावर ते साधारण ०.२ अंश सेल्सिअसनं वाढतं आणि वर राहतं. स्राव आणि तापमान दोन्ही बघणाऱ्या ९०० स्त्रियांचा जर्मनीतला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात शंभरात दोनही गर्भधारणा झाल्या नाहीत. धोका मोठा असेल तिथे मी आणखी कडक सांगते. तापमान वाढून स्थिर झाल्याचं दिसल्यावरचेच दिवस, त्याआधीचे नाहीत. अनियमित पाळीत हे थांबणं लांबतं, कधी तीन तीन आठवडे. संत पॉलनी करिंथकरांना लिहिताना दोघांच्या संमतीनं, काही काळ, असं दूर राहणं मान्य केलं, पण त्यात ‘दोघांच्या’ हा शब्द आहे. म्हणून शिकायला एकट्या येऊ नका, मिस्टरांना घेऊन या. तुमच्या धर्मग्रामातली लग्नपूर्व शिबिरं कोण घेतं ते विचारा, तिथून शिकवणाऱ्या बाईचा पत्ता लागतो. निदान सहा महिने तिच्यासमोर खुणा दाखवत शिका.

आणि तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंत, की सासूबाई विचारतात, तू कम्युनियनला का जात नाहीस. त्यांना खोटं सांगू नका आणि सगळं सांगायचीही गरज नाही. ‘आई, माझं फादरांशी बोलणं चालू आहे, माझ्यासाठी प्रार्थना करा,’ एवढं म्हणा. पुढच्या रविवारपर्यंत फादरांकडे वेळ मागून ठेवा, म्हणजे त्यांना सांगितलेलं खरं असेल. मिस्साच्या आधीची घाईची पाच मिनिटं मागू नका. आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळचा अर्धा तास मागा आणि जाताना डॉक्टरांचा कागद सोबत न्या.